दोरा घातलेलं पान

मी, खाली अंगठा उठवणारी, बोटी ओढून दुरुस्त करण्याच्या कारखान्याची मालकीण, वय वर्षं एक्याऐंशी किंवा ब्याऐंशी (जिला नक्की ठाऊक होतं ती आई आता विचारायला नाही), आज शनिवारी, दुपारच्या उजेडात, कारखान्यावरच्या माझ्या खोलीत खुर्चीवर बसून सांगते आणि समोर बसलेल्या वकीलबाई लिहून घेतात, ते असं. माझं डोकं ठिकाणावर आहे. कान शाबूत आहेत, डोळे निम्मे. मला अक्षरओळख नाही. ही गोष्ट आजवर कुठल्याच कागदावर आलेली नाही, तेव्हा जरा ठळक लिहा.

वकीलबाईंनी पुढे 'कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने' असं लिहायला घेतलं. मी म्हटलं, थांबा. स्वखुशीनं कसलं? घाबरून, असं लिहा.

"आजी, घाबरून केलेलं मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही."

"मग लिहा, कुठल्याही माणसाला न घाबरता."

"आणि?"

"आणि पुढचं पुढे सांगते. एकदम सांगायला बसले तर जीभ टाळ्याला चिकटेल."

कलम पहिलं. माझ्या दोन बांगड्या सुनेला. ती 'मला कशाला' म्हणेल. तिला दोनदा म्हणू द्यावं, तिसऱ्यांदा ती घेते. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणाला. ताडपत्री शिवायचं माझं मशीनही नातीलाच, पण त्याचं पायडल तिनं आधी तेल घालून मोकळं करावं आणि करताना मला शिव्या देऊ नयेत.

कलम दुसरं. यजमानांचे रंधे, पटाशा आणि लाकडी मोगरी आमच्या जुन्या मुकादमाला. त्याचे हात आता थरथरतात, हत्यारं चालवायची नाहीत त्यानं, नुसती जवळ ठेवावीत.

कलम तिसरं. नणंदबाईंनी माझं भिंतीवरचं घड्याळ 'दुरुस्त करून आणते' म्हणून नेलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. घड्याळ त्यांनाच ठेवावं. त्याची चावी माझ्याकडे आहे, ती नातीला.

वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, कारखान्याचं काय? मुख्य मिळकत तीच."

मी खिडकीकडे बघितलं. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. समोर मरिना, तिथे शहरातल्या हौशी लोकांच्या पांढऱ्याशुभ्र बोटी रांगेनं बांधलेल्या. त्यातली एखादी आजारी पडली की आमच्याकडे येते. आमच्या आवारातून एक उतार पाण्यात जातो, उतारावर रूळ, रुळांवर गाडा. भरतीला गाडा पाण्यात सोडायचा, बोट त्यावर बसवायची आणि वरच्या विंचनं, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, हळूहळू ओढून घ्यायची. विंच आणि गाडा यांच्यामधे एक पोलादी वायर. आमची चूल त्या वायरीला टांगलेली आहे. विंचच्या डाव्या अंगाला उभं राहून माझे यजमान दांडा धरायचे. आता तिथेच माझा लेक उभा राहतो. उद्या दुपारी मोठी भरती आहे आणि एक बोट ओढायची ठरली आहे.

म्हणून घाईनं वकीलबाईंना बोलावलं. मी उद्या मरणार आहे म्हणून नव्हे.

कलम चौथं, ग्राहकांच्या वह्यांबद्दल. या खोलीत अकरा वह्या आहेत. काम झालं की ग्राहकानं आपला अनुभव त्यात लिहायचा, ही पद्धत यजमानांची. वही सांभाळायचं काम माझ्याकडे. मला वाचता येत नाही हे यजमानांना ठाऊक, घरात ठाऊक, ग्राहकांना नाही. यजमान मला म्हणाले होते, "तू नुसती वही पुढे कर आणि हसून बघ. तुझ्यासमोर वाईट लिहायची कुणाची छाती होणार नाही."

तर मी ती कला कमावली. माणसानं लिहून वही परत दिली की मी ओळीवरून बोट फिरवायची, ओळीच्या शेवटी "हं" करायची, खाली पोचले की "आभारी आहे" म्हणायची. काय लिहिलंय ते मला माणूस बघून कळायचं. लिहिताना खांदे वर चढले तर तक्रार. भुवया वर चढल्या तर कविता. चांगल्या शेऱ्याला मी कोपऱ्यात बोटीच्या तळाच्या लाल रंगाचा ठिपका द्यायची, वाईटाला डांबराचा. पुढे नात शिकली आणि तिनं मला त्या वह्या वाचून दाखवल्या, तेव्हा एका चांगल्या टपोऱ्या लाल ठिपक्याखाली निघालं, 'चहा थंड, मालक गरम.' नात हसून हसून लोळली. मीही हसले. एका गृहस्थानं बोटीला बायकोचं नाव दिलं होतं, मग बायको बदलली आणि नाव खरवडायला बोट आणली. त्यानं लिहिलं होतं, 'जुनं नाव इतकं सफाईनं काढलं की मलाही आठवेना.' त्याला मी डांबर दिलं होतं. ते मात्र बरोबर निघालं.

दहा वह्या वाचून झाल्या. चौथी मी तिला कधी दिली नाही. मागितली की सांगायची, वाळवी लागली. ती वही फडताळात नाही. ती माझ्या कपड्यांच्या पेटीत तळाशी आहे, वर जुनी इस्त्री ठेवली आहे. वही आपोआप उघडू नये म्हणून. हसू नका, वकीलबाई. एकतीस वर्षं मी त्या पेटीतून साडी काढताना आधी इस्त्री जागेवर आहे का ते चाचपते.

त्या वहीतल्या एका पानात मी शिवणाचा काळा दोरा घातला आहे.

आता सांगते. एक ग्राहक होते, चष्मेवाले, मोठ्या जहाजावर इंजिनीअर राहून निवृत्त झालेले. माणूस शिस्तीचा. कागदाचा कपटासुद्धा घडी घालून खिशात ठेवायचे. त्यांची छोटी बोट आमच्याकडे रंगवायला होती. बोट न्यायला आले त्या दिवशी खाली त्यांचे आणि ह्यांचे आवाज चढलेले मला वरपर्यंत ऐकू आले. कशावरून ते कळलं नाही. मग ते जिना चढून वर आले. वही मागितली. उभ्यानंच लिहिलं. खांदे पार कानाला लागले होते. लिहून झाल्यावर खिशातला पांढरा रुमाल काढून पानावर ठेवला, वही मिटली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, एवढं मालकांना आजच्या आज दाखवा."

मी "हं" केलं. "आभारी आहे" म्हटलं.

आणि दाखवलं नाही.

का नाही? आज दुपारी त्यांची खडाजंगी झालेली, त्यात अजून तक्रार लिहून गेलेत, हे वाचलं की ह्यांचं डोकं फिरेल, जेवण तसंच राहील, असा माझा हिशेब. म्हटलं दोन दिवस जाऊ देत. संतापी माणसाच्या बायकोला चांगली वेळ बघायची सवय लागते. रुमाल मात्र मी उलगडून बघितला. त्याला पाच-सहा ठिकाणी ओरखडे, धागे ओढलेले, एके ठिकाणी फाटलेला. मला वाटलं, कुठेतरी खिळ्याला अडकला असेल बिचाऱ्यांचा, आणि विसरून गेले. मी तो धुतला. सुईत बारीक दोरा ओवून सगळी भोकं रफू केली. इस्त्री केली. म्हटलं, पुढल्या खेपेला आले की देईन, खूष होतील आणि तक्रार मागे घेतील.

तिसऱ्या दिवशी भरतीला बोट ओढताना वायर तुटली. मी खिडकीत होते. आवाज बंदुकीसारखा झाला. ताणलेली वायर तुटली की तिचं सुटं टोक चाबकासारखं मागे येतं, आणि मागे हे उभे होते.

मी जिना कशी उतरले आठवत नाही. हातात तो इस्त्री केलेला रुमाल होता एवढं आठवतं. फाटकाशी मरिनावरची माणसं गोळा झाली होती, आत यायला धजत नव्हती, बाहेरूनच ओरडून विचारत होती, "वाचले का? अहो बाई, वाचले का?"

मी त्यांना म्हटलं, "मला वाचता येत नाही हो."

त्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण त्या क्षणी मला सगळं लखलखीत समजलं होतं. रुमाल कशाला अडकला, पानावर काय असेल, खांदे का चढले होते. समजलं आणि खात्री मात्र नव्हती. चष्मेवाले अंत्ययात्रेला आले. लांब उभे राहिले. माझ्याकडे एकदाच बघितलं. त्यांच्या लेखी मी ते पान वाचलेलं होतं ना! वाचून गप्प बसलेली बाई मी. त्यानंतर ते कधी आले नाहीत. रुमाल राहिला.

लेक तेव्हा एकोणीस वर्षांचा. लोक म्हणाले नशीब, तोही म्हणाला नशीब. मीही म्हटलं.

वकीलबाई, तुम्ही मघाशी विचारलंत, "नात एवढी शिकलेली, मग आजी, तुम्ही का नाही शिकलात?" ती सहा वर्षांची असताना पाटी घेऊन मागे लागायची. "आजी, हा क. म्हण, क." मी म्हणायची, माझे डोळे अधू आहेत. डोळे तेव्हा ठणठणीत होते. अक्षरं आली असती तर पहिलं मला ते पान वाचावं लागलं असतं. पाट्या वाचत, डब्यांवरची नावं वाचत ती पोर घरभर फिरायची आणि मी पेटीवर जाऊन बसायची. आजसुद्धा कुणी खिशातून पेन काढलं की माझे तळवे गार पडतात. तुम्ही आत आल्यापासून ते गारच आहेत, हात लावून बघा.

माझा बेत असा होता की ती वही न उघडता माझ्याबरोबर जाळावी, असं या कलमात लिहायचं. परवापर्यंत हाच बेत.

परवा नात मला फोनवरचे अनुभव वाचून दाखवत होती. आता वही गेली, ग्राहक घरी जाऊन फोनवर लिहितात आणि तारे देतात. आकाशातले फुकट असतात, हे मागून घ्यावे लागतात. त्यात एक होता दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. उद्या ओढायची बोट त्यांचीच. नातीनं वाचलं: "माणसं प्रेमळ, मागच्या वर्षीचं रंगकाम सुबक. विंचची वायर मात्र उसवल्यासारखी वाटली. मालकांना सांगितलं. ते हसले. तीन तारे."

लेक तिथेच जेवत होता. मी म्हटलं, "काय रे, हे काय?"

"अगं आई, लोकांना बसल्या बसल्या काहीतरी लिहायचं असतं."

"पण वायर म्हणतायत त्या."

"दात काढणाऱ्या बाईंनी आता मला वायर शिकवायची का?" असं म्हणून हसला. अगदी बापासारखा, मान मागे टाकून.

मी दोन दिवस त्याच्या मागे होते. वायर बघ रे. तो म्हणतो, बघितली. नीट बघ. नीट बघितली. तू उगाच घाबरतेस, बाबांचं तुझ्या डोक्यातून जात नाही. खरं कारण सांगितल्याशिवाय तो ऐकणार नाही, आणि खरं कारण पेटीत इस्त्रीखाली आहे. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्र तुमच्या पश्चात उघडतात." माझ्या पश्चात उघडून काय करू? तोवर उद्याची भरती येऊन गेलेली असेल.

तेव्हा या कलमात बदल. वही जाळायची नाही. वकीलबाईंनी ती आत्ता काढावी, दोऱ्याचं पान उघडावं आणि मोठ्यानं वाचावं. मी खुर्चीचे हात धरून बसते.

(वकीलबाईंनी वाचलं. त्यांच्याच हातानं इथे जसंच्या तसं उतरवलं आहे.)

'मालकीणबाईंस. तुमच्या विंचच्या वायरीवरून रुमाल फिरवला. सहा ठिकाणी अडकला, म्हणजे वायरीचे धागे तुटले आहेत. मालकांना दोनदा तोंडी सांगितलं. ते हसले. माझं ते ऐकत नाहीत, पण तुमचं ऐकतात असं इथले सगळे सांगतात. वायर बदलेपर्यंत एकही बोट ओढू देऊ नका. सोबत रुमाल ठेवतो आहे, तो त्यांना दाखवा.'

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग पाणी दिलं. मी म्हटलं, पाणी नको, लिहा.

दोनदा सांगितलं होतं. म्हणजे ह्यांना माहीत होतं. एकतीस वर्षं सगळा दोष मी एकटीनं डोक्यावर वाहिला, त्यातला निम्मा त्यांचा होता आणि मला बोललेदेखील नाहीत. भेटतील तेव्हा बघते. पण उरलेला निम्मा काही हलका झाला नाही, वकीलबाई. जडच झाला. मला वाटायचं पान ह्यांना लिहिलेलं असेल आणि मी नुसती मधली हमाल. ते मलाच लिहिलेलं होतं. आणि खरंच, हे माझं ऐकायचे. साऱ्या जगाला हसायचे आणि माझं ऐकायचे.

भीती गेली का, असं तुम्ही विचारताय. नाही. जागा बदलली तिनं. पेटीतून उठून खाली विंचपाशी जाऊन बसली आहे.

लेकाला वर बोलवा.

तो आला. हाताला रंग.

"आई, काय चाललंय? उद्याची तयारी पडली आहे सगळी."

"बस. आधी हात पूस."

वकीलबाईंनी पान वाचलं आणि त्याच्या आधीचं सगळं कलमही वाचलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, वहीकडे बघत होता. म्हणाला, "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"मी तेव्हा खाली गाड्यापाशी होतो, आई."

"ठाऊक आहे मला, तू कुठे होतास ते."

मग त्यानं नाक ओढलं आणि बापाचा आवाज काढला. "पण ही वायर ती नव्हे. सात वर्षांपूर्वी बदललेली आहे. मी रोज बघतो तिला."

"बघतोस. हात लावतोस का?"

मी पेटीतून रुमाल काढायला लावला. पांढरा होता, आता पिवळट आहे. रफू अजून घट्ट आहे, माझ्या हातचं आहे ते. त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा वायरीवरून फिरव. विंचपासून गाड्यापर्यंत, सगळीकडून. नाही अडकला तर मी त्या बाईंना सांगून तुला फोनवर उरलेले दोन तारे द्यायला लावीन."

तो हसला नाही. खाली गेला.

मी खिडकीत बसले आणि वकीलबाईंना म्हटलं, तुम्हीच बघा, मला बघवत नाही. तेवढ्यात साक्षीला बोलावलेल्या डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांची माफी मागितली, लेकाच्या वतीनं. त्या म्हणाल्या, "आजी, मी दिवसभर माणसांच्या तोंडात बघते. वरून चकचकीत आणि आतून पोखरलेलं मला लगेच कळतं. राग नाही आला, भीती वाटली." मी म्हटलं, बसा माझ्याजवळ, दोघी मिळून घाबरू.

खालून रुळांवरच्या खडीत त्याची पावलं वाजत होती. चालला, चालला, चालला. थांबला. पुन्हा चालला. पुन्हा थांबला. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

तो येईपर्यंत हे लिहून घ्या.

कलम पाचवं, मुख्य मिळकतीबद्दल. कारखाना, उतार, रूळ, गाडा, विंच आणि आवार लेकाला. अट अशी की महिन्यातून एकदा त्यानं वायरीवरून कापड फिरवावं आणि ते कापड नातीला दाखवावं. दुसरी अट, ग्राहकानं काहीही लिहिलं, वहीत, फोनवर, भिंतीवर, तरी विंचचा दांडा फिरवायच्या आधी ते मोठ्यानं वाचावं आणि वाचताना हसू नये. अट मोडली तर कारखाना नातीकडे जाईल. ती बापासारखी हसते, पण वाचून झाल्यावर. अकराही वह्या तिच्याच.

उद्यापासून नातीनं मला अक्षरं शिकवावीत. घाबरायचं पान वाचून झालं, आता टाळायला कारण उरलं नाही. पण 'क' नको, 'व' पासून शिकव म्हणावं.

लेक वर आला आहे. रुमाल त्यानं या टेबलावर ठेवला आहे. मरिनावर फोन करून उद्याची बोट रद्द केली, ती याच खोलीतून, आम्हा सगळ्यांच्या देखत. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाला, "ताई, चार ठिकाणी." आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसला, पन्नाशीचा बाप्या.

कलम सहावं आणि शेवटचं. रुमाल चार ठिकाणी फाटला आहे. तो या मृत्युपत्राला टाचून ठेवावा. धुऊ नये. कुणीही तो शिवू नये.

वर लिहिलेलं सगळं वकीलबाईंनी मला पहिल्यापासून वाचून दाखवलं. मी ऐकलं, समजलं, आणि ओळ संपल्यावर "हं" केलं, या खेपेला खरं. खाली माझा डाव्या हाताचा अंगठा. जरा हलला आहे, तो भीतीनं, खोटेपणानं नव्हे.

अंगठा: कारखान्याची मालकीण

लिहून घेणार: वकीलबाई

साक्षीदार पहिल्या: दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांची उद्याची बोट पाण्यातच राहणार आहे. सही.

साक्षीदार दुसरा: धक्क्यावरचा दोरवाला. नवी वायर त्याच्याकडूनच घ्यावी लागणार म्हणून उड्या मारत आला. सही.

ठिकाण: कारखान्यावरची खोली, खिडकीजवळ.

दिनांक: शनिवार, मोठ्या भरतीच्या आदल्या दिवशी.